हरवलेल्या काळ्या चष्म्याचा शोध
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या या सभेत आमच्या आधी जे विद्वान वक्ते बोलले, त्यांनी आपल्या देवळाच्या पायाभरणीपासून आजवरचा इतिहास सांगितला, पूर्वीच्या धर्मगुरूंचे गुण गाइले, आणि ज्यांच्या घामाने हे देवालय उभे राहिले त्या आपल्या वाडवडिलांची आठवण करून देऊन कित्येकांचे डोळे ओले केले. त्या उंच आसनावरून सभेस एकदम स्वयंपाकघराच्या दारात आणून बसविण्याचे काम महोत्सव समितीने आमच्याकडे सोपविले आहे. विषय 'घरातील नित्याचे जीवन' असा दिलेला आहे. या विषयावर बोलणारा मनुष्य सामान्यतः आज्ञापालन, काटकसर आणि सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना या तिहींवर बोलतो, आणि श्रोते माना डोलावून घरी जातात. या तिहींविरुद्ध आम्ही एक अक्षरही काढणार नाही. परंतु आमचा विषय त्यांहून पुष्कळच लहान आहे. घरात हरवलेला काळा चष्मा, ज्यास आमची तरुण मंडळी गॉगल म्हणतात तो, आणि त्याचा शोध, एवढाच तो विषय होय.

मागच्या बाकांवर हसू फुटलेले आम्हांस दिसते. हसावे, हरकत नाही. तथापि एवढे ध्यानात असू द्यावे की, सोन्याचा दागिना हरवला तर मनुष्य पोलिसांकडे जातो, आणि तेथे बरीवाईट का होईना, पण चौकशीची काही रीत असते. चष्मा हरवला तर तो कोणाकडेच जात नाही. मग घरातील माणसेच फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश अशी सर्व कामे आपसांत वाटून घेतात. आणि आरोपीचे काम कोणाच्या वाट्यास येते, तेच आज आम्हांस मुख्यत्वेकरून सांगावयाचे आहे.

प्रथम या वस्तूची कुळकथा थोडक्यात सांगू, कारण तिचा आपल्या ख्रिस्तसभेशी जुना ऋणानुबंध आहे. इ. स. १३०६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २३ व्या दिवशी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात, सांता मारिया नोव्हेल्ला या देवळात, पिसा गावचे जोर्दानो नामक दोमिनिकन संन्यासी प्रवचन करीत होते. ओघात त्यांनी श्रोत्यांस सांगितले की, चष्मे करण्याची कला निघून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत, आणि ती प्रथम काढणाऱ्या माणसास आपण स्वतः पाहिले आहे, त्याच्याशी बोललोही आहोत. त्या माणसाचे नाव मात्र त्यांनी सांगितले नाही. पिसा येथील मठाच्या बखरीवरून असे कळते की, तो मूळ कारागीर आपली युक्ती कोणास सांगावयास तयार नव्हता. तेव्हा त्याच मठातील फ्रा आलेस्सांद्रो देल्ला स्पिना यांनी चष्मा पाहून ती कला स्वतः साधली आणि मग मोकळ्या मनाने सर्वांस शिकविली. हे स्पिना १३१३ साली निवर्तले. नंतर १३५२ साली त्रेव्हीझो येथील मठाच्या भिंतीवर तोम्माझो दा मोदेना या चित्रकाराने कार्डिनल ह्यू यांचे चित्र काढताना त्यांच्या नाकावर चष्मा बसविला. गंमत अशी की, कार्डिनलसाहेब १२६३ सालीच वारले होते, आणि त्यांच्या हयातीत असला चष्मा निघालेलाच नव्हता. चित्रकारास वाटले, एवढा मोठा पंडित चष्म्यावाचून वाचणार तरी कसा!

आता या कथेतील पुढचा भाग अवश्य ऐकावा, कारण आमच्या आजच्या विषयाचे बीज त्यात आहे. चष्म्याच्या पहिल्या कर्त्याचे नाव हरवले होते. साडेतीनशेहून अधिक वर्षे ते हरवलेलेच राहिले. मग १६८४ साली देल मिल्योरे नामक फ्लॉरेन्सच्या एका लेखकाने जाहीर केले की, नाव सापडले. साल्व्हिनो देल्यी आर्माती नावाचा आमच्याच नगरीचा एक गृहस्थ १३१७ साली वारला, त्याच्या थडग्यावर तसा लेख होता. लोकांनी ते मानले, पुस्तकांत छापले, शाळांत पढविले. पुढे १९२० साली इझिदोरो देल लुंगो या पंडिताने जुनी दप्तरे चाळून दाखवून दिले की, तो थडग्यावरील लेख बनावट होता. म्हणजे हरवलेले नाव सापडले नव्हते. रिकाम्या जागी एक नाव आणून बसविले होते. फ्लॉरेन्समध्ये ते काम अभिमानाने झाले. आमच्या घरांत तेच काम संशयाने होते.

काळ्या भिंगांची गोष्ट निराळी आणि त्याहूनही जुन्या मुळांची आहे. उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोक हाडाची किंवा वॉलरसच्या सुळ्याची पट्टी कोरून तिला बारीक फट पाडीत, आणि बर्फाच्या झळाळीपासून डोळे राखण्यासाठी ती पट्टी डोक्यामागे वादीने घट्ट बांधीत. चीन देशात धुरकट स्फटिकाची भिंगे न्यायाधीश वापरीत. साक्षीदार बोलत असता न्यायाधीशाच्या डोळ्यांतील भाव त्यास दिसू नये, हा त्यातील हेतू सांगतात. आजचा स्वस्त गॉगल जनसामान्यांच्या नाकावर आला तो अमेरिकेत १९२९ साली सॅम फॉस्टर याने अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर तो विकावयास आरंभ केल्यानंतर.

आपल्या या किनाऱ्यावर त्याची गरज काय, असे पूर्वी विचारीत. आता विचारीत नाहीत. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परत फिरतो हे खरे, आणि ते आपल्या नशिबी नाही. परंतु कोरड्या वाळूवरूनही सुमारे १५ टक्के आणि समुद्राच्या फेसावरून सुमारे २५ टक्के परततो, आणि वाळू व फेस या दोहोंची आपणांस वाण नाही. शिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता घरोघर झालेली आहे, आणि तीनंतर काही दिवस उजेड फार टोचतो म्हणून काळा चष्मा वापरावयास सांगतात. तेव्हा पूर्वी सिनेमातील नटास शोभणारी ही वस्तू आज आमच्या आजीबाईंच्या नाकावर आहे, आणि तिला ती अधिक शोभते असे आमचे मत आहे. (जाता जाता एक सांगतो: भिंग नुसते काळे असून भागत नाही, त्यात अतिनील किरण अडविण्याचा गुण हवा. तो नसला तर अंधारामुळे बाहुली विस्फारते आणि नको ते किरण अधिकच आत जातात.)

आता हा चष्मा इतर चष्म्यांपेक्षा अधिक का हरवतो याचा विचार करू. वाचण्याचा अथवा दूरचे पाहण्याचा चष्मा ज्यास लागतो, त्यास तो काढताच अडते. म्हणून तो नजरेबाहेर फार काळ जात नाही. काळ्या चष्म्याचे उलट आहे. तो उन्हात हवा आणि सावलीत नको. म्हणजे मनुष्य जितक्या वेळा उंबरठा ओलांडील तितक्या वेळा तो चढणार आणि उतरणार. देवळात शिरताना उतरला, बाहेर पडताना चढला, बाजारात दुकानात शिरताना उतरला, रिक्षात चढला, घरी उतरला. एका सकाळीत दहा-बारा वेळा जी वस्तू हातात येते, ती एकदा हातातून सुटली तर नवल नाही. रोज सुटत नाही हेच नवल. त्यास चष्म्याचे घर म्हणून पेटी मिळते खरी. परंतु ती पेटी कपाटात आणि चष्मा गावभर, अशी स्थिती असल्यामुळे स्वतःचे घर असून बेघर असा हा एकच प्राणी आम्हांस ठाऊक आहे.

त्यातही उंबरठ्याची जागा विशेष घाताची. अमेरिकेतील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठातील गॅब्रिएल राडव्हान्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसे वस्तू घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली की, तितकेच अंतर एकाच खोलीत चाललेल्या माणसांपेक्षा त्यांस हातातील वस्तूची आठवण कमी राहते, असे त्यांस आढळले. पुढे २०२१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हाच प्रयोग ताडून पाहिला, तेव्हा नुसत्या दारामुळे फारसे विस्मरण होईना. परंतु मन आधीच दुसऱ्या कामात गुंतविले असता होऊ लागले. आम्हांस हा दुसरा निकाल अधिक पटतो. दाराचा दोष थोडा. दारात आपली वाट पाहत उभी असलेली कामे, हाका आणि बातम्या यांचा दोष अधिक. ज्या क्षणी चष्मा हातातून खाली ठेवला जातो त्या क्षणी मन तेथे हजरच नसते. आणि जे मनाने पाहिलेच नाही ते पुढे आठवावे कोठून? मागाहून डोके कितीही खाजविले तरी त्या कोठारात तो दाणा पडलेलाच नसतो. म्हणून "आठव, आठव" असा जो धोशा घरची माणसे लावतात तो पुष्कळदा व्यर्थ असून वृद्ध माणसास तर तो क्रूर वाटतो.

आता एका घराची हकीकत सांगतो. त्या घरच्यांनीच ती आम्हांस सांगितली आणि सभेत सांगण्यास अनुमती दिली आहे. गाव व नाव मात्र कोणी विचारू नये, आणि ओळखले तरी बोलू नये.

त्या घरच्या आजीबाईंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. दवाखान्यातून साधा काळा चष्मा मिळाला होता. पण आखातात नोकरीस असलेला नातू सुटीवर आला तो आजीसाठी एक भारी चष्मा घेऊन आला. आजीबाईंनी किंमत विचारली, त्याने सांगितली नाही. त्यामुळे घरात व शेजारी ती किंमत रोज वाढत गेली. मे महिन्यात आगोटीची बेगमी सुरू झाली. सुक्या बोंबलांस शेवटचे ऊन दाखवून डब्यात भरावयाचे होते, म्हणून अंगणात जुनेर पसरून त्यावर बोंबील टाकले होते, आणि कावळ्या-मांजरांवर देखरेख करण्यासाठी आजीबाई हाती काठी घेऊन, नवा चष्मा लावून, ओटीच्या कडेला बसल्या होत्या. दुपारी आतून हाक आली, "आई, फोन आलाय." नातवाचाच फोन होता. आजीबाई लगबगीने उठल्या आणि आत गेल्या. बोलणे बराच वेळ चालले. सायंकाळी बाहेर जाण्यासाठी चष्मा पाहतात तो नाही.

घर शोधले. ओटी, अंगण, देव्हाऱ्याची फळी, उशीखाली, फोनजवळ, सर्व पाहून झाले. डोक्यावरही पाहिले, काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही म्हण सर्वांसच ठाऊक आहे. (डोक्यावरचा चष्मा माणसास जाणवत नाही, याचे कारण त्वचेवर एकसारखा राहणारा दाब काही वेळाने मनास कळेनासाच होतो. तेव्हा अशा माणसास कोणी वेडे ठरवू नये.) चष्मा मिळाला नाही. घरात त्या दिवशी बाहेरचे असे एकच माणूस येऊन गेले होते: धुणीभांडी करणारी, पाड्यावरून येणारी एक तरुण बाई. सहा वर्षे ती त्या घरी येत होती.

तिला चोर असे कोणीही म्हटले नाही. हे त्या घरच्यांनी आम्हांस दोनतीनदा सांगितले, आणि ते खरेच आहे. पहिल्या दिवशी सुनेने सहज विचारले, "अगं, अंगण झाडताना चष्मा कुठं दिसला का गं?" ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, "नीट आठवून बघ हं." ती म्हणाली, "बघितला नाय, ताई." तिसऱ्या दिवशी कोणी काहीच विचारले नाही. परंतु ती आपली कापडी पिशवी मागच्या पडवीत खुंटीस लावीत असे, आणि तिच्या तोंडास एक विशिष्ट गाठ मारीत असे. त्या दिवशी दुपारी जाताना तिने पिशवी घेतली तेव्हा गाठ निराळी होती. तिने गाठीकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि पिशवी घेऊन ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मग ज्यांस थोडी शंका होती त्यांची ती पूर्ण फिटली. "चोरी नव्हती तर यायचं बंद का केलं?" असे एक शेजारीण म्हणाली, आणि हा प्रश्न फार बुद्धिमान आहे असे सर्वांस वाटले.

जुलै महिन्यात, मासेमारी बंद असता, एका शुक्रवारी बोंबलांचा डबा उघडला. वरचे बोंबील काढून हात खाली घातला तो हातास दांडी लागली. चष्मा अखंड होता. वास मात्र जाईना. झाले होते ते एवढेच की, हाक ऐकून उठताना आजीबाईंनी चष्मा काढून जुनेराच्या दुमडलेल्या काठावर ठेवला होता, आणि सायंकाळी कापडाची चारी टोके धरून सगळे बोंबील डब्यात ओतले तेव्हा त्यांबरोबर तोही गेला. ओतणारे हात सुनेचेच होते.

सून त्याच दिवशी भर पावसात पाड्यावर गेली; चष्मा कागदात गुंडाळून दाखविण्यासाठी नेला होता. त्या बाईने तिला बसावयास चटई दिली, पाणी दिले. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "गावला ना? बरं झालं." नंतर पुष्कळ वेळ कोणीच बोलले नाही. निघताना सुनेने विचारले, "उद्यापासून येशील ना?" ती म्हणाली की, आता दुसरीकडे काम धरले आहे. दुसरीकडे धरलेले नव्हते, हे सुनेस पुढे कळले.

आता श्रोतेहो, हे घर दुष्टांचे आहे काय? मुळीच नाही. आम्ही त्यांस चांगले ओळखतो. देवळाच्या प्रत्येक कामात ती माणसे पुढे असतात. मग असे का व्हावे? आमच्या मते या प्रकाराचे मूळ द्वेषात कमी असून एका साध्या समजुतीत अधिक आहे: "आम्ही सगळीकडे पाहिले, तेथे नाही, म्हणून कोणीतरी नेला." या वाक्याचा पहिला तुकडाच लंगडा आहे. अमेरिकेत जेरेमी वुल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांप्रमाणे लोकांस चित्रांच्या गर्दीत एक वस्तू शोधावयास लाविले. दर दोन चित्रांत एकदा ती वस्तू असे तेव्हा शोधणाऱ्यांच्या नजरेतून ती शंभरांत सुमारे ७ वेळा निसटे. परंतु शंभर चित्रांत एकदाच असे तेव्हा, ती समोर असूनही, शंभरांत सुमारे ३० वेळा निसटली. कारण इतकेच की, पुनःपुन्हा 'नाही' म्हणून सरावलेले मन 'नाही' म्हणावयास उतावीळ होते. हरवलेल्या चष्म्याच्या शोधात घरातील प्रत्येक खण, प्रत्येक फळी, प्रत्येक पिशवी अशीच 'नाही' म्हणत असते. दहाव्या खणापाशी येईतो डोळे उघडे असतात, पण पाहणे संपलेले असते. जो म्हणतो "मी तिथे पाहिले", तो प्रामाणिकपणे बोलतो. परंतु त्याच्या साक्षीवर दुसऱ्याचा अब्रूचा निकाल करणे धोक्याचे आहे.

आणि पिशवीत वस्तू सापडली असती तरी काय? पवित्र शास्त्रात बेन्यामीनच्या गोणीत योसेफाचा रुप्याचा प्याला प्रत्यक्ष निघाला. सर्वांच्या देखत निघाला. आणि बेन्यामीन निर्दोष होता.

चोऱ्या होतच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. संत अंतोनी यांच्याविषयीची परंपरा आपण सर्व जाणता. लिस्बन नगरीत जन्मलेले आणि १२३१ साली पादुआजवळ देह ठेवलेले हे संत हरवलेल्या वस्तूंचे कैवारी मानले जातात, ते एका चोरीवरूनच. त्यांचे स्तोत्रसंहितेचे पुस्तक, ज्यात त्यांनी अध्यापनासाठी टिपणे केली होती, एक नवशिका मठ सोडून जाताना घेऊन गेला. अंतोनींनी प्रार्थना केली, आणि तो पुस्तक घेऊन परत आला. या परंपरेत प्रार्थना आहे. मठातील इतरांच्या खोल्यांची झडती तीत आम्हांस कोठे आढळली नाही.

आता शोधावे कसे, ते आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. प्रथम बसावे. उभ्याने शोधणारा मनुष्य त्याच चार जागा फिरून फिरून पाहतो. "कोठे ठेवला" हा प्रश्न सोडून द्यावा, कारण ठेवताना मन तेथे नव्हते. त्याऐवजी "शेवटी खात्रीने डोळ्यांवर कधी होता" हे विचारावे. ते सहसा आठवते, कारण ऊन आठवते. तेथपासून पुढे किती उंबरठे ओलांडले, आणि कोणत्या उंबरठ्यावर कोणी हाक मारली, फोन वाजला, पाहुणे आले, हे मोजावे. जेथे लक्ष तुटले तेथून चार पावलांच्या आत शोधास आरंभ करावा, आणि सपाट जागांबरोबर त्या वेळी हलत्या असलेल्या वस्तूंचाही विचार करावा: चादरी, टोपल्या, सुपे, घड्या घातलेल्या छत्र्या, दुमडलेली वर्तमानपत्रे. चष्मा चालत नाही. पण त्याखालची वस्तू कोणीतरी उचलून नेते. त्या घरी जुनेर कोणी उचलले एवढे जरी कोणी विचारले असते, तरी त्याच रात्री डबा उघडला असता.

दुसरे, वस्तूचे नाव मोठ्याने घेत शोधावे. हे ऐकून तरुणांस हसू येईल. परंतु लुप्यान आणि स्विंग्ली या दोघा अमेरिकन संशोधकांनी २०१२ साली दाखविले आहे की, परिचित वस्तूचे नाव उच्चारीत शोधले असता ती बहुधा लवकर दिसते. आमच्या आज्या "संत अंतोनीबाबा, माझा चष्मा, माझा चष्मा" असे पुटपुटत घरभर फिरत, त्यात भक्ती तर होतीच, पण ही युक्तीही आपोआप साधत होती.

तिसरी गोष्ट दिव्याची. दहा नाण्यांपैकी एक हरवलेल्या स्त्रीचा दाखला प्रभू येशूने दिला, तो लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात आहे. त्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु ती बाई शोधते कशी इकडे कोणी फारसे पाहत नाही. ती दिवा लावते, घर झाडते, आणि मन लावून शोधते. गृहिणीची ही रीत अगदी अचूक आहे. खोलीचा मोठा दिवा वरून पडतो आणि काळी वस्तू काळ्या सावलीत बुडते; तेच बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून प्रकाश जमिनीलगत सोडला तर भिंग चमकते आणि दांडीची सावली हातभर लांब पडते. झाडण्याचेही तसेच: डोळा फसतो, झाडू फसत नाही. पलंगाखाली, कपाटामागे, हात किंवा झाडू फिरवावा. आणखी एक आम्हांस नेहमी जाणवते. त्या दाखल्यातील स्त्रीस शेजारणी होत्या, हे आपणांस माहीत आहे, कारण नाणे सापडल्यावर ती त्यांस आनंदासाठी बोलावते. हरवले तेव्हा तिने त्यांस बोलाविले नव्हते.

खबरदारीचे म्हणाल तर एकच उपाय आम्ही खात्रीचा मानतो, आणि तो इनुइट लोकांचा आहे: वादी. आजकाल चष्म्याच्या दोन्ही दांड्यांस अडकविण्याची दोरी अगदी थोड्या पैशांत मिळते. चष्मा काढला तरी तो छातीवर लोंबत राहतो. तरुणांस ती म्हातारपणाची खूण वाटते, म्हणून ते वापरीत नाहीत. आणि म्हाताऱ्यांस नातवंडे हसतात, म्हणून तेही वापरीत नाहीत.

आमची वेळ संपली असे अध्यक्षमहाराजांच्या घड्याळाकडे पाहण्यावरून दिसते. बसण्यापूर्वी समितीने दिलेली एक सूचना वाचून दाखवितो. काल सायंकाळच्या मिस्सेनंतर देवळात डावीकडील बाकाखाली एक काळा चष्मा सापडला असून तो साक्रिस्तीत ठेवलेला आहे. त्याची एक दांडी मोडल्यामुळे दोऱ्याने बांधलेली आहे. दोऱ्याचा रंग आम्ही सांगत नाही. ज्याचा असेल त्याने तो सांगून चष्मा घेऊन जावा.